नवऱ्याची चेंगडूला बदली, सासूबाई सोबत: चिनी परंपरांमुळे तिथलं रोजचं जगणं खरंच निवांत असतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता, नवऱ्याची नैऋत्य चीनमधल्या चेंगडू शहरात तीन वर्षांसाठी बदली झालीय, सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई जाणार आहेत, आणि ताईंनी सगळीकडे वाचलंय की चिनी लोक ताय ची (संथ हालचालींचा व्यायाम) करतात, गरम पाणी पितात, वेळेवर जेवतात म्हणून म्हातारपणीही टुणटुणीत असतात, तर हे कितपत खरं आणि आपल्या घराला त्यातलं काय मिळेल. मी मूळची साताऱ्याची, चेंगडूत योग शिकवायला लागून आता तेरा वर्षं झाली. सकाळच्या बॅचला निवृत्त बायका, दुपारी ऑफिसवाले, संध्याकाळी बाळंतपणानंतरच्या आया, म्हणजे रोज पन्नास-साठ जणांचे गुडघे, पाठी, खांदे डोळ्यासमोर असतात, आणि माणसाची पाठ बघितली की तो घरी कसा जगतो ते बरंचसं कळतंच. जे सांगते ते या अनुभवातून आणि मुख्यतः चेंगडूपुरतं, कारण चीन एवढा मोठा आहे की पार उत्तरेकडच्या हार्बिन शहराचा माणूस यातल्या अर्ध्या गोष्टी आमच्याकडे नाहीत म्हणेल.

ताई, तुम्ही विचारलंय परंपरेबद्दल पण मला तुमच्या प्रश्नात काळजी दिसतेय ती सासूबाईंची, भाषा येत नाही, ओळख नाही, अठराव्या मजल्यावर दिवसभर खिडकीतून बघत बसणार का. म्हणून त्याच बाजूने उत्तर देते. इतक्या वर्षांत मला कळलंय ते हे, की इथल्या परंपरांचा फायदा त्यांच्या तत्त्वज्ञानातून फारसा येत नाही, माझ्या बॅचमधल्या बायकांना यिन-यांग (थंड-उष्ण अशा जोडशक्तींचा विचार) समजावून सांगा म्हटलं तर दोन वाक्यांत अडतील. फायदा येतो तो त्या गोष्टी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सगळे मिळून करतात यातून. एकटीने रोज चालायला जायचं ठरवलं तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो, पण इथे संध्याकाळी खाली गाणं वाजलं की शेजारीण दार वाजवते, निश्चय वगैरे करावा लागतच नाही. आपल्या वारीचंही तसंच की, एकटा माणूस आळंदीहून पंढरपूरला चालत जायचा नाही, दिंडीत बरोबर पोचतो.

आता पहिल्याच दिवशी दिसेल ते गरम पाणी. हॉटेलात बसलात की गरम पाणी, ताप आला तर गरम पाणी, पाळी आली तर गरम पाणी, ट्रेनच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ. चहापाण्याची सवय जुनी आहेच, पण सगळ्यांनी उकळलेलंच पाणी प्यायचं हे मागच्या शतकात सरकारने मुद्दाम रुजवलं, १९३४ च्या 'नवजीवन' चळवळीत आणि मग १९५२ पासूनच्या देशव्यापी स्वच्छता मोहिमेत, कारण कॉलरा आणि पोटाच्या साथींनी माणसं जात होती. म्हणजे जी आज आजीची परंपरा वाटते तिच्यात अर्धी सरकारी मोहीम आहे. सुरुवातीला मी क्लासनंतर द्यायला थंड पाण्याच्या बाटल्या आणून ठेवायचे, महिनाभर कोणी हात लावला नाही, सगळ्या पिशवीतून आपापला थर्मास काढायच्या, त्यात गोजीची लाल फळं नाहीतर शेवंतीची फुलं तरंगत असायची. मग मी बाटल्या बंद केल्या आणि कोपऱ्यात पाण्याचा बॉयलर लावला. आता त्या बॉयलरपाशी वीस मिनिटं ज्या गप्पा होतात ना, त्यासाठीच निम्म्या बायका क्लासला येतात असं मला वाटतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

खाण्याच्या बाबतीत सासूबाईंना इथलं बोलणं तुमच्यापेक्षा लवकर कळेल, बघाच. आपण म्हणतो ना, आंबे जास्त खाल्ले, उष्णता झाली, तोंड आलं, सब्जा घे. तेच इथे 'शांगह्वो', शब्दशः आग वर चढली. लिची उष्ण, नाशपती थंड, खेकडा थंड म्हणून त्यासोबत आलं, आणि बाधतं या शब्दाला आपल्याकडे जितकं वजन आहे तितकंच इथे. चेंगडूची हवा दमट, ऊन क्वचित, म्हणून शरीरात ओल साठते आणि ती काढायला तिखट आणि ह्वाज्याव खायचं असं प्रत्येक जण सांगतो (ह्वाज्याव म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचं भावंडच, जिभेला तसाच झिणझिण्या आणतं). या ओलीचं वैद्यकीय मोजमाप माझ्याकडे नाही, पण परिणाम दिसतो तो असा की माणूस ऋतू बघून खातो, मंडईत जातो, ताजी पालेभाजी रोज आणतो. हिवाळ्यात इथे पारा पाच-सहा अंशावर येतो आणि उत्तर चीनसारखी घराघरात सरकारी हीटिंगची सोय नाही, तेव्हा रात्री झोपायच्या आधी लाकडी नाहीतर प्लॅस्टिकच्या घंगाळात गरम पाण्यात पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून बसायचं, याला पाओ-ज्याव म्हणतात. सासूबाईंना हे घंगाळ पहिल्या आठवड्यातच घेऊन द्या, मोबाईल नंतर.

वर्षाचे चोवीस भाग पाडणारं जे सौर कॅलेंडर आहे, ज्याला २०१६ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, ते इथे भिंतीवर लटकत नाही, ताटात येतं. डिसेंबरच्या २१-२२ ला दक्षिणायन संपतं त्या दिवशी, म्हणजे तोंगझ्र ला, उत्तरेत डम्पलिंग खातात आणि चेंगडूत मटणाचा पांढरा सूप-रस्सा, त्या संध्याकाळी मटणाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. संक्रांतीला तीळगूळ का, तर थंडी आहे म्हणून, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही, तसंच.

दुपारची झोप. हे मला शिकायला वेळ लागला. मी आले तेव्हा साडेबाराला ऑफिसवाल्यांची बॅच लावली, जाहिरात केली, दोन माणसं यायची. नंतर कळलं की बारा ते दीड-दोन हा इथे 'वू-ज्याव'चा वेळ, शाळेत मुलं झोपतात, ऑफिसात दिवे मालवतात, टेबलाखालून घडीचा पलंग निघतो, बँकेतली बाईसुद्धा डोकं टेकवून वीस मिनिटं शांत होते. मग मी त्या वेळेला चटया आणि पांघरुणं टाकून योगनिद्रा ठेवली, बॅच भरली ती आजपर्यंत. पुण्याच्या माणसाला एक ते चार दुकान बंद याचं महत्त्व मी वेगळं काय सांगणार. फरक इतकाच की इथे झोपणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही, साहेबही झोपतो. तुमचा मुलगा स्थानिक शाळेत गेला तर त्याला दुपारी झोप मिळेल, आंतरराष्ट्रीय शाळेत बहुतेक नाही मिळणार, हेही विचारात घ्या.

आता सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, चौकातला नाच, क्वांगछांग-वू. संध्याकाळी सात-साडेसातला बागेत, मॉलसमोर, पुलाखाली, जिथे सपाट फरशी आहे तिथे चाकांवरचा स्पीकर येतो आणि तीस-चाळीस बायका रांगा करून नाचायला लागतात. नीट बघितलं तर याची एक व्यवस्था आहे, ज्यांना स्टेप्स पाठ त्या पहिल्या रांगेत, नवीन आलेली सगळ्यात मागे, आणि मागच्या रांगेत उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, चुकलात तरी कोणी वळून बघत नाही. पुढचीचे पाय बघायचे आणि चालू पडायचं. महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी हात धरून एक रांग पुढे ओढते आणि मग ओळख होते. सकाळी त्याच बागेत ताय ची आणि बा-त्वान-चिन, हा आठ हालचालींचा सोपा व्यायाम, पंधरा मिनिटांचा, गुडघे दुखणाऱ्याला मी आमच्या सूर्यनमस्काराआधी हाच सुचवते. ताय चीचा सगळीकडे दिसणारा २४ हालचालींचा संच तर १९५६ मध्ये सरकारी क्रीडा समितीने जुन्या, लांबलचक प्रकारातून कापून सोपा करून बसवला, सामान्य माणसाला जमावा म्हणून. जमला म्हणूनच टिकला.

पण या बायकांकडे एवढा वेळ कुठून येतो हे कोणी विचारत नाही. तर इथे कारखान्यातल्या बायकांचं निवृत्तीचं वय ५० आणि ऑफिसातल्या बायकांचं ५५ होतं, पुरुषांचं ६०. २०२५ पासून ते हळूहळू वाढतंय, पंधरा वर्षांत ५५, ५८ आणि ६३ वर जाणार. पन्नाशीत हातात पेन्शन आणि अख्खी संध्याकाळ, तर नाच होणारच. आज माझ्या बॅचमधल्या चाळिशीच्या मुलींना ती संध्याकाळ मिळेल का याची मला काळजी वाटते, त्या आत्ताच रात्री नऊला ऑफिसातून सुटतात. आणि आवाजाची भांडणंही खूप झाली, वरच्या मजल्यावरच्या परीक्षेला बसलेल्या मुलांचे आईबाप खाली यायचे, शेवटी जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनी कायद्यात सार्वजनिक जागेतल्या अशा कार्यक्रमांची वेळ, जागा आणि आवाज यावर नियम आले. आमच्या बागेत साडेनऊला स्पीकर बंद होतो.

चहाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही स्वतः अनुभवा, पण पीपल्स पार्कमधल्या १९२० च्या दशकातल्या ह-मिंग चहाघरात सासूबाईंना नक्की न्या. बांबूच्या खुर्च्या, बशी-वाटी-झाकण असा तीन तुकड्यांचा कप, झाकण काढून बशीला टेकवून ठेवलं की वाढपी समजतो पाणी संपलं आणि येऊन ओततो. एका चहावर अख्खी दुपार बसा, कोणी उठा म्हणत नाही, बाजूने कान साफ करणारा चिमटा टणकन वाजवत फिरतो, पलीकडे पत्ते नाहीतर माजाँग हा सोंगट्यांचा खेळ. एका घोटाचे पैसे आणि चार तासांची सोबत, म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं. माझे सासरे वारले तेव्हा मी सहा महिने दर बुधवारी तिथे एकटी जाऊन बसायचे, शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा दर वेळी न बोलता सूर्यफुलाच्या बिया माझ्या बाजूला सरकवायचे.

आता जिथे मला परंपरेशी वाद घालावा लागतो ते सांगते. बाळंतपण. आपल्याकडे सव्वा महिना, इथे पूर्ण एक महिना, 'झुओ युएझ', म्हणजे महिना बसणे. आपले डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, कानाला फडकं, इथे शेंगदाणे घालून डुकराच्या पायाचं सूप, आलं, गूळसाखर घातलेली अंडी, डोक्याला टोपी, पायात मोजे. हेतू एकच, की बाईने महिनाभर कुठलंही काम करायचं नाही आणि तिच्या हातात कोणीतरी गरम वाटी आणून द्यायची. हे मला सोन्यासारखं वाटतं, परदेशात एकट्या बाळंत झालेल्या माझ्या मैत्रिणींची हालत मी बघितलीय. पण एका जुलैत माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने खिडक्या लावून घेतल्या, एसी बंद, आंघोळ बंद, बाहेर पस्तीस अंश, आठव्या दिवशी मुलीला अंगभर घामोळं आणि चक्कर. मी भेटायला गेले तर खोलीत श्वास घेववत नव्हता. मी आईशी वाद घातला नाही, प्रसूतीच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर दिला. डॉक्टरांनी सांगितलं खोलीत हवा खेळू द्या, एसी सव्वीस-सत्तावीसवर, अंगावर झोत नको, रोज आंघोळ, आणि दिवसातून चार वेळा घरातल्या घरात चाला, कारण बाळंतपणानंतर सतत पडून राहिलं तर पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका असतो. आई गप्प. मग मी विचारलं, आलं आणि 'आय' नावाच्या औषधी वनस्पतीचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली तर चालेल का. त्यावर त्या लगेच उठल्या, कारण ते त्यांच्याच आईने केलेलं. परंपरेच्या आतूनच दार उघडावं लागतं, बाहेरून धक्का मारला की माणूस कडी घालतो, हे मी त्या दिवशी शिकले. आज पैसेवाल्या घरात हा महिना खास केंद्रात जातो किंवा 'युएसाओ' म्हणजे बाळंतिणीची पगारी बाई ठेवतात, आणि चांगल्या युएसाओचा पगार बरेचदा ऑफिसातल्या माणसाहून जास्त असतो.

आणि हे सगळं करतं कोण, हाही प्रश्न विचारायलाच हवा. सूप कोण ढवळतं, नातवाला साडेचारला शाळेच्या फाटकातून कोण आणतं, तर आजी. १९८० ते २०१५ एकच मूल असं धोरण होतं, त्यामुळे आज एका जोडप्यावर चार म्हातारे आणि एक मूल. आईवडिलांची सेवा ही इथली सगळ्यात जुनी शिकवण, आणि ती निभावणं इतकं अवघड झालं की जुलै २०१३ पासूनच्या कायद्यात वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वरचेवर भेटायला जावं असं लिहावं लागलं. चिनी नववर्षाला जे कोट्यवधी लोक गावी जातात त्यात आनंद खरा आहे, पण तिशी ओलांडलेल्या अविवाहित मुली जानेवारीपासून माझ्या क्लासमध्ये खांदे आवळून बसतात, कारण घरी गेल्यावर पहिला प्रश्न लग्नाचा. पुरुषांचं म्हणाल तर पाहुणचारात सिगरेट पुढे करणं आणि साहेबाच्या ग्लासाला ग्लास लावून दारू रिकामी करणं हीही परंपराच, इथले जवळपास निम्मे पुरुष सिगरेट ओढतात, आणि सिचुआनच्या, म्हणजे चेंगडूच्या प्रांतातल्या, जेवणात मीठ-तेल भरपूर. तुमच्या नवऱ्याला ऑफिसच्या जेवणात हे येणारच, 'डॉक्टरांनी मनाई केलीय' हे वाक्य पहिल्याच दिवशी वापरायला सांगा, ते सगळे मानतात. म्हणून सरकारी आकड्यांत २०२४ मध्ये सरासरी आयुर्मान ७९ झालं त्याचं श्रेय फक्त ताय चीला देऊ नका, लसी, स्वच्छ पाणी, गावोगावचे आरोग्यसेवक यांनी आधी मोठं काम केलंय.

सासूबाई शाकाहारी असतील असं धरून सांगते, भाजीतही चरबी नाहीतर कोंबडीची पावडर असते, 'वो छ्र सू' (मी शाकाहारी) हे पाठ करून घ्या. वन्शू मठात शाकाहारी जेवण मिळतं, बौद्ध पद्धतीचं, कांदा-लसूणही नाही, चातुर्मासात त्यांना तेच सोयीचं पडेल, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार न करणाऱ्या बायका भेटतील तेव्हा त्यांना घरच्यासारखं वाटेल. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पितरांच्या थडग्यावर जायचा दिवस, त्या दिवशी उत्तर चीनमधल्या शिजियाच्वांग शहरात, युद्धात चिनी जखमींवर उपचार केलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या समाधीवरही फुलं वाहिली जातात. जुन्या पिढीतल्या कोणाला 'के दी-ह्वा' म्हणजे कोटणीस, मी त्यांच्या भागातली, एवढं सांगितलं की चेहरा बदलतो, हे मी कितीदा बघितलंय.

घर निवडताना मात्र नीट बघा, सगळं त्यावर आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या नव्या उंच टॉवरमध्ये सोयी खूप पण खाली माणसं कमी, यूलिनसारख्या जुन्या भागात लिफ्ट नसेल, भिंतीला ओल असेल, पण खाली भाजीवाली, चहा, नाच सगळं पाच मिनिटांत. सासूबाईंचे गुडघे चांगले असतील तर मी जुना भाग घेईन, नसतील तर बागेला लागून असलेली नवी सोसायटी. आणि भाषेची भीती घालू नका. त्या चौकात नाचणाऱ्यांत कितीतरी बायका स्वतःच परगावच्या असतात, नातवंडं सांभाळायला आलेल्या, त्यांनाही इथली सिचुआनी बोली कळत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना 'लाओ-प्याओ' म्हणजे वाहत आलेले म्हातारे असा शब्दच आहे. त्या एकमेकींना हातवाऱ्यांनी समजून घेतात. मोठ्या बाईला चीनभर 'आयी' म्हणतात, चेंगडूत 'न्यांगन्यांग' जास्त ऐकू येईल, पण परगावची एखादी सासूबाईंना 'आयी' म्हणून हाक मारेल आणि त्या मराठीत ओ देतील.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी मागच्या रांगेत उभ्या राहा, दुसऱ्या दिवसापासून नका जाऊ. सपाट तळव्याचे बूट आणि थर्मास एवढंच लागतं. कुठल्या भागात घर बघताय ते लिहा, जवळची बाग कुठली आणि तिथे किती वाजता कोण जमतं ते सांगते.